बंदूक सगळ्यात शेवटी : ऑपरेटिव्हचं सुरुवातीचं सामान कसं निवडावं

आमच्या शनिवारच्या टेबलावर गर्प्सची (पात्रं वठवून, फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग खेळ) पहिली आधुनिक मोहीम मी चालवली, तेव्हा चार खेळाडूंनी आपापल्या ऑपरेटिव्ह, म्हणजे गुप्तहेर, पात्रांसाठी मिळून तीन रायफली, एक शॉटगन आणि बाराशेच्या वर गोळ्या घेतल्या होत्या. बंदराच्या गोदामात शिरल्यावर मी सांगितलं, "दिवे गेले." टेबल एकदम गप्प. टॉर्च एकाकडेही नव्हता. शेवटी मोबाइलच्या पडद्याच्या उजेडात दोन तास खेळ रेटला आणि पहारेकऱ्यांना तो उजेड लांबूनच दिसला. टॉर्चची किंमत यादीत १० डॉलर आहे.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक नियम आहे: बंदूक शेवटी. नव्या खेळाडूला हे विचित्र वाटतं, कारण सामानाच्या याद्यांमध्ये सगळ्यात मोठा आणि चविष्ट तक्ता बंदुकांचाच असतो. पण निवड कशी करायची ते एकदा टप्प्याटप्प्याने करून पाहिलं की पटतं. खालचं सगळं गर्प्सच्या चौथ्या आवृत्तीतल्या (२००४) मूळ नियमांना धरून आहे. तुम्ही दुसरी कुठली सिस्टिम खेळत असाल तर आकडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

उदाहरणासाठी एकच मोहीम धरू. जागा इटलीतलं त्रिएस्ते, खेळातलं वर्ष २०१०. जुन्या बंदराच्या ओस पडलेल्या गोदामांना लागून एका जहाज कंपनीचं कार्यालय आहे. रात्री आत शिरायचं, एका संगणकातली हार्ड डिस्क काढायची आणि उजाडायच्या आत स्लोव्हेनियाची सीमा ओलांडायची. सीमा जेमतेम दहा किलोमीटरवर. थंडीचे दिवस, आणि बोरा सुटलेला. बोरा म्हणजे त्या भागातला ईशान्येचा झोंबरा वारा, जोरात असला की ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. आमची पात्र सावी: एसटी म्हणजे ताकद ११, बेसिक स्पीड म्हणजे मूळ वेग ६, दबकत चालण्याचं कौशल्य १३.

आधी गेममास्टरला छळा

कॅरेक्टर शीटला, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदाला, हात लावण्याआधी गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, चार गोष्टी विचारून घ्या.

पैसे किती? टेक लेव्हल ८ ला, म्हणजे साधारण आपल्या काळाला, सरासरी ऐपतीच्या पात्राची सुरुवातीची रक्कम २०,००० डॉलर. हे वाचून नवा माणूस खूश होतो आणि तिथेच फसतो. पात्राला घरदार, नोकरी, गाडी असं स्थिर आयुष्य असेल तर त्यातले ८० टक्के त्या संसारातच गेलेले असतात. मोहिमेच्या सामानाला उरतात ४,०००. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारा भटक्या असेल तरच सगळे वीस हजार सामानात घालता येतात. सावीला त्रिएस्तेत भाड्याचं घर आणि अनुवादकाची नोकरी आहे, म्हणजे ४,०००.

कायदा किती कडक? प्रत्येक वस्तूला एलसी म्हणजे कायदेशीरपणाचा वर्ग असतो: ४ म्हणजे जवळपास खुली, ० म्हणजे कोणाच्या हाती दिसली तरी बोंब. समाजाला सीआर म्हणजे नियंत्रणाची पातळी असते. वस्तूचा एलसी सीआरपेक्षा मोठा असेल तर खुशाल बाळगा. दोन्ही सारखे असतील तर परवाना काढा. एलसी एकाने कमी पडला की ती वस्तू पोलिसांसारख्यांची, दोनाने कमी पडला की लष्कर आणि गुप्तहेर खात्यांची. त्रिएस्तेसाठी मी सीआर ४ धरला. साधं ९ मिमी पिस्तूल एलसी ३, म्हणजे सावीकडे सापडलं तर थेट कोठडी. ५.५६ मिमीची कार्बाइन एलसी २, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको.

सामान तिथे पोचणार कसं? विमानाने जाणार असाल तर यादीतल्या निम्म्या वस्तू विमानतळावरच अडतील. तुमच्या गुप्तहेर खात्याने शहरात आधीच काही लपवून ठेवलंय का, ते विचारा.

आणि खातं काय देतं? पेट्रन, म्हणजे पाठीराखा, हा अॅडव्हान्टेज घेतला असेल आणि त्यात सामान पुरवण्याची तरतूद असेल, तर स्वतःच्या चार हजारांतून पिस्तूल घेणं म्हणजे कंपनीचा लॅपटॉप असताना दुसरा विकत घेण्यासारखं. मात्र खात्याची वस्तू हरवली की जाबही द्यावा लागतो. हे मी तरी कधीच विसरत नाही.

काम एका वाक्यात, मग क्रियापदं

कागदावर मोहीम एका वाक्यात लिहा आणि क्रियापदांखाली रेघ मारा. आमचं वाक्य असं झालं: अंधारात भिंत *चढून* कुलूप *उघडून* डिस्क *काढून* कोणाला न *दिसता* सीमेपलीकडे *जायचं*.

एकेका क्रियापदाला एकच प्रश्न विचारा: हे करायला हातात काय लागतं? चढायला दोर. उघडायला कुलूप उघडायच्या सळ्या. काढायला स्क्रूड्रायव्हरचा लहान संच. न दिसायला अंधारात दिसणारा चष्मा आणि गडद कपडे. जायला फोन, रोख पैसे, कुठेतरी उभी केलेली गाडी. "मारून" हे क्रियापद वाक्यात नाही, हे लक्षात आलं असेलच. ते असलंच तर "गडबड झाली तर" या शब्दांमागे लपलेलं आहे.

हा टप्पा गंभीरपणे घ्या, कारण गर्प्समध्ये हत्यारं नसतील तर कौशल्याची माती होते. तांत्रिक कौशल्यासाठी मुळीच साधन नसेल तर फाशावर (तीन फासे टाकून कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा कमी पाडायचं असतं) उणे १०, जुगाडावर भागवलं तर उणे ५. कुलूप उघडण्यात १५ कौशल्य असलेला पट्टीचा घरफोड्या हेअरपिन घेऊन बसला की १० वर येतो. सळ्यांचा संच फक्त ५० डॉलरचा आणि वजनाला नगण्य. पात्र घडवायला मिळालेले वीस पॉइंट खर्चून कौशल्य वाढवायचं आणि पन्नास डॉलरचा संच विसरायचा, असे लोक मी पाहिलेत. त्यांतला एक मीच होतो.

उलट टोकालाही जाऊ नका. चांगल्या दर्जाचं साधन अधिक १ देतं, पण किंमत पाचपट. उत्तम साधन अधिक २, किंमत वीसपट. मोहीम ज्या एका फाशावर अवलंबून आहे तिथेच हा खर्च करा. आमच्याकडे तो फासा कुलुपाचा होता, म्हणून सावीने सळ्यांचा चांगला संच घेतला: २५० डॉलर. बाकी सगळं साधं.

वजन, म्हणजे खरा खेळ

इथे सावकाश वाचा. बहुतेक मार्गदर्शक हा भाग दोन ओळींत उरकतात, आणि खेळाडूही.

बेसिक लिफ्ट म्हणजे ताकदीचा वर्ग भागिले पाच, उत्तर पौंडांत. सावीसाठी ११ गुणिले ११ भागिले ५, म्हणजे २४ पौंड. (किलोत विचार करायचा तर खेळापुरतं दोन पौंडांचा एक किलो धरा, चालतं.) ओझं २४ पर्यंत असेल तर काही दंड नाही. ४८ पर्यंत हलकं ओझं, ७२ पर्यंत मध्यम, त्यापुढे जड आणि अतिजड. दर पायरीला चालण्याचा वेग पाचव्या हिश्शाने घटतो आणि डॉज, म्हणजे वार चुकवण्याचा आकडा, एकाने उतरतो.

"एकानेच ना?" असं सगळे म्हणतात. तीन फाशांचं गणित बघा. सावीचा डॉज ९. तीन फाशांवर ९ किंवा कमी पडण्याची शक्यता ३७.५ टक्के. डॉज ८ झाला की २५.९ टक्के. म्हणजे शंभर गोळ्यांतल्या अकरा-बारा जास्त अंगात घुसणार, का, तर पाठीवर एक दुर्बीण जास्त होती. दबकत चालणं आणि चढणं यांनाही ओझ्याच्या पायरीइतका दंड बसतो. तिचं १३ चं १२ होतं, यश ८४ टक्क्यांवरून ७४ वर. ज्या मोहिमेत न दिसणं हेच काम आहे, तिथे हा दंड सहा-सात वेळा बसतो. वेगही ६ वरून ४.

आता तिच्या खेळाडूने, म्हणजे माझ्या मावसभावाने, केलेली पहिली यादी बघा. कार्बाइन ७.३ पौंड. जादा मॅगझिन चार, ४ पौंड. पिस्तूल अडीचच्या आसपास, त्याची दोन मॅगझिन धरून साडेतीन. बुलेटप्रूफ जाकीट २. रात्रीचा चष्मा २. मोठा चाकू १. पट्ट्यांचं जाळं २. छोटी सॅक ३. प्रथमोपचार पेटी २. दहा यार्ड दोर दीड. डक्ट टेपचं पूर्ण भेंडोळं २. पाण्याची बाटली भरून ३. दुर्बीण २. बेरीज ३५.३ पौंड.

तो म्हणाला, "दादा, हलकंच ओझं आहे की." नावाला हलकं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार.

मग आम्ही कापायला बसलो. कार्बाइन आणि तिची मॅगझिन काढली: २४.० वर आलो, बरोब्बर काठावर. काठावर असणं वाईट, कारण आत जाताना २४ असेल तर बाहेर येताना डिस्क सॅकेत असणार. म्हणून माझा दुसरा हट्ट: परतीचं वजन मोजा. जे आणायचं आहे त्याच्यासाठी जागा रिकामी सोडा. पट्ट्यांचं जाळं गेलं, कारण ते मॅगझिन अडकवायलाच होतं. दुर्बीण गेली, कारण टेहळणी दिवसा आणि सहलीला आलेल्या माणसासारखी होणार होती. टेप हवा होता, पण साठ यार्ड कशाला? मी गेममास्टर म्हणून पाच-सहा यार्ड गुंडाळून घ्यायला परवानगी दिली, वजन शून्य धरलं. असा हिशेब तुमचा गेममास्टर मान्य करेल का ते विचारा, बहुतेक करतात. मोठ्या चाकूऐवजी लहान, अर्धा पौंड.

शेवटी उरलं ते असं. पिस्तूल आणि मॅगझिन ३.५, त्याला सायलेन्सर १, जाकीट २, चष्मा २, चाकू ०.५, सॅक ३, प्रथमोपचार २, दोर १.५, पाणी ३, छोटा टॉर्च आणि फोन मिळून ०.५. एकूण १९. पाच पौंड रिकामे. अंगावरचे साधे कपडे आमच्या टेबलावर वजनात धरत नाहीत. तुमच्याकडे धरत असतील तर आणखी दोन पौंड मिळवा, तरीही बसतं.

पाणी का ठेवलं, असं तुम्हीही विचाराल. खरं सांगायचं तर तिथे माझा आणि त्याचा वाद झाला आणि तो जिंकला. दहा किलोमीटर, चढण, बोरा. गाडी मिळाली नाही तर चालत जायचं. मान्य.

चिलखत

हे पटकन होतं. मूळ यादीतलं कपड्यांखाली घालायचं जाकीट ४०० डॉलर, २ पौंड. गोळी आणि कापणाऱ्या पात्यासमोर डीआर, म्हणजे मार अडवण्याचा आकडा, ८, इतर माराला फक्त २. ९ मिमी पिस्तूल दोन फासे अधिक २ इतकी इजा करतं, सरासरी ९. त्यातले ८ जाकीट खाऊन टाकतं, सावीला पोचतो १. तिचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ११. बरगडी ठणकेल, बाकी ती उभी.

५.५६ ची कार्बाइन चार फासे अधिक २, सरासरी १६. जाकिटातून ८ आत येतात. दुसरी गोळी लागली की ती शून्याखाली गेली. म्हणजे हे जाकीट पिस्तुलवाल्या पहारेकऱ्यासाठी आहे, रायफलवाल्यासाठी नाही. समोर रायफली असतील अशी खात्रीची बातमी असेल तर प्लेटवालं जड जाकीट घ्यायचं, आणि मग दबकत जायचा बेतच बदलायचा. मधलं काही घेऊ नका, त्यात ओझंही वाढतं आणि गोळीही आत येते. जाकीट फक्त धड झाकतं, एवढं मात्र लक्षात असू द्या.

आणि आता बंदूक

तक्ता उघडलात की नजर आधी इजेच्या रकान्यावर जाते. ती तिथून उचलून बल्क, आरसीएल (झाडताना बसणारा झटका) आणि एसटी या रकान्यांवर न्या.

बल्क म्हणजे बंदुकीचा अवजडपणा. पिस्तुलाचा उणे २, कार्बाइनचा उणे ४, पूर्ण लांबीच्या रायफलीचा उणे ५. पळता पळता गोळी झाडली की एवढा दंड बसतो आणि बंदूक अंगावर लपवतानाही तोच आकडा आडवा येतो. जाकिटाच्या आत पिस्तूल लपवणं कठीण असलं तरी जमतं. कार्बाइन घेऊन ट्रामच्या थांब्यावर उभं राहून बघा.

अॅक्युरसीचा आकडा बघून भुलू नका. एक सेकंद थांबून नेम धरला तरच तो मिळतो. कार्बाइनचा ४ आणि पिस्तुलाचा २ हा फरक दोनशे मीटरवर जीव वाचवतो, पण सात मीटरच्या अंधाऱ्या मार्गिकेत नेम धरायला सेकंद देणारा शत्रू भेटत नाही. तसंच गोळ्यांच्या वेगाचं. सेकंदाला पंधरा झाडल्यावर नेमाला अधिक ३ मिळतात, आणि आरसीएल २ असल्यामुळे यशाच्या फरकातल्या (फासे लागणाऱ्या आकड्यापेक्षा जितके कमी पडले त्यातल्या) दर दोन आकड्यांना एक जादा गोळी लागते. कार्बाइन ताकदवान आहे, यात वादच नाही. घेऊन जाता येते का, एवढाच प्रश्न आहे.

एसटीच्या रकान्यात लिहिलेल्या ताकदीपेक्षा तुमची कमी असेल तर कमी पडणाऱ्या दर पॉइंटला उणे १. कार्बाइनला आणि या पिस्तुलालाही ९ लागते. तुमच्या संगणकवाल्याची एसटी ८ असेल तर ते आधीच बघा, झाडायच्या वेळी नको.

गोळ्या किती? पिस्तूल सेकंदाला तीन झाडतं, मॅगझिनमध्ये १५ आणि नळीत १. सतत झाडलं तर सहाव्या सेकंदाला रिकामं. भरायला ३ सेकंद. गर्प्समधली एक खेळी म्हणजे एक सेकंद, आणि आमच्या टेबलावरच्या चकमकी दहा-बारा सेकंदांत संपतात. चौथं मॅगझिन उघडायची वेळ आली असेल तर तुम्ही मोहीम आधीच हरलेला आहात. दोन जादा पुरेत.

सायलेन्सर ४०० डॉलरचा आहे आणि महाग वाटतो. दुसरा पहारेकरी आवाजाच्या टप्प्यात असेल तरच घ्या. आमच्याकडे होता.

शॉटगनबद्दल एक वाक्य, कारण कोणीतरी विचारतंच: यादीत ती २४० डॉलरची, एलसी ४ ची आहे, म्हणजे कडक शहरातही परवान्यावर मिळणारं हे एकच दमदार शस्त्र, फक्त शिकारी असल्याचं सोंग वठवता आलं पाहिजे.

चौघांचं मिळून एक शीट

सगळ्यांच्या याद्या एकत्र ठेवा आणि दोन प्रश्न विचारा. कुठली गोष्ट चौघांकडेही आहे? आणि कुठली एकाकडेच आहे? चार दोर असतील तर दोन काढा. कुलपाच्या सळ्या एकाच खिशात असतील आणि तो माणूस भिंतीवरून पडला, तर मोहीम तिथेच आटोपली. म्हणून ५० डॉलरचा साधा संच दुसऱ्याच्या खिशात टाका, तो त्यात कच्चा असला तरी. प्रथमोपचार पेटी ज्याला येतं त्याच्याकडेच असते आणि गोळी नेमकी त्यालाच लागते. हा काही नियमपुस्तिकेतला नियम नाही, पण पाच वर्षं मी तो पाळला जाताना बघतोय.

उरलेले पैसे

सावीचा हिशेब: पिस्तूल ६००, सायलेन्सर ४००, जाकीट ४००, चष्मा ६००, सळ्या २५०, फोन २५०, सॅक ६०, प्रथमोपचार ५०, चाकू ३०, बाटली १०, टॉर्च १०, दोर ५. झाले २,६६५. गोळ्या, मॅगझिन, स्क्रूड्रायव्हर, टेप असं किरकोळ धरून २,८००. हाताशी १,२०० उरतात आणि खेळाडूचा हात पुन्हा बंदुकांच्या तक्त्याकडे जातो.

हात बाजूला घ्या. रोख ठेवा. रात्रपाळीच्या सफाईवाल्याला दिलेले दोनशे आणि जुन्या फियाटसाठी मोजलेले पाचशे डॉलर आमच्या मोहिमेत पिस्तुलापेक्षा जास्त कामी आले. पिस्तूल झाडलंच गेलं नाही.

पैसे खरोखरच कमी पडत असतील तर दोन रस्ते आहेत. पात्राचा एक पॉइंट मोडला की सरासरी सुरुवातीच्या रकमेच्या दहा टक्के, म्हणजे इथे २,००० डॉलर मिळतात. किंवा सिग्नेचर गिअर घ्या: एका पॉइंटला १०,००० डॉलरपर्यंतची वस्तू, आणि ती तुमच्या पात्राची ओळखच मानली जाते, गेममास्टर ती कायमची हिरावून घेत नाही. महागडी एकच वस्तू हवी असेल तर दुसरा रस्ता सरळ सरळ स्वस्त. नुसते पैसे हवे असतील तर पहिला, पण तोच पॉइंट कौशल्य वाढवायलाही लागतो हे मोडताना आठवा.

कुठल्या खिशात?

हे शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. शीटवर प्रत्येक वस्तूपुढे जागा लिहा: हात, कंबर, छातीचा खिसा, सॅकेत वर, सॅकेत तळाशी. खेळी सेकंदाची असल्यामुळे कमरेची वस्तू एका खेळीत हातात येते, सॅकेच्या तळाची येत नाही. आणि संकट आलं की सॅक टाकून पळायचं असतं. मग जे सॅकेत ते गेलं. म्हणून सीमेपर्यंत पोचायला जे लागतं ते, म्हणजे रोकड, फोन, गाडीची किल्ली, अंगावर. बाकीचं सॅकेत चाललं.

सावीच्या शीटवर ते असं होतं. डावा खिसा: सळ्या, छोटा टॉर्च. उजवी कंबर: पिस्तूल. डोक्यावर चष्मा, वर सरकवलेला. जाकिटाच्या आत, शिवलेल्या कप्प्यात: रोकड आणि किल्ली. सॅकेत वर दोर, मध्ये प्रथमोपचार, तळाशी पाणी. आणि सॅकेचा पुढचा कप्पा रिकामा, त्यापुढे पेन्सिलीने लिहिलेलं, "डिस्क".